काकाजींनी जहर घातलं नव्हतं

बाबा, आपल्या काळ्या कुत्र्याला शेजारच्या काकाजींनी जहर घातलं नव्हतं. निदान मला आता तसं वाटतं, आणि हे सगळं सांगावं असं तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

या पावसाळ्यात माझी कुत्री गेली. घरामागच्या सांदवाडीत तिच्या पाण्याच्या घमेल्याखाली, दोडक्याच्या वेलाखाली शंख नसलेल्या गोगलगायींचा नुसता बुजबुजाट झाला होता. ती त्यांना हुंगायची, पंजाने उलटवायची, कधी गिळूनही टाकायची. मला गंमत वाटायची. मग तिचे मागचे पाय लटपटायला लागले. पाठीला हात लावला की किंचाळायची. शेवटी शेवटी मागचं धड फरफटत अंगणात फिरायची. मी तिला उचलून नागभीडला जनावरांच्या दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना म्हटलं, "कोणी जहर घातलं असन."

त्यांनी तिची पाठ चाचपली. "जहर असतं तर एवढे दिवस नसती राह्यली. वाडीत गोगलगायी हायेत का? उंदराच्या लेंड्या खाऊन त्यांच्या अंगात किडे जातेत. कुत्र्यानं त्या खाल्ल्या का किडे मेंदूत, पाठीच्या कण्यात जातेत. मले तर तसंच दिसून राह्यलं." औषध दिलं, पण उशीर झाला होता.

तिला पुरताना आपला काळा आठवला. तोही असाच फरफटत होता. तुम्ही त्याला चुलीजवळ पोत्यावर निजवून पेज पाजत आहात, आई बाजूला सरकते आहे. त्याच्या थोडे दिवस आधी काकाजी ओरडले होते, "कुत्र्याले बांधून ठेव, माही वांगी तुडवून राह्यला." तेवढं तुम्हाला पुरलं. काळा मेला त्या सकाळी तुम्ही कुंपणाशी उभे राहून, सगळं गाव ऐकेल अशा आवाजात त्यांना खुनी म्हणालात. त्यांनी आपल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "मी कशाले घालू गा जहर? माह्या हातचा भात खात होता तो." तुम्ही थुंकलात आणि घरात आलात. त्या पोरीच्या लग्नाला आपल्या घरून कोणी गेलं नाही. तुमची तिरडी निघाली तेव्हा काकाजी रस्त्याच्या पलीकडे उभे होते. खांदा द्यायला पुढे येण्याची त्यांची हिंमत झाली नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेलो. आता त्यांना दिसत नाही, ओसरीत बाजेवर पडून असतात. मी कुत्रीचं, गोगलगायींचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी जहर घातलं नव्हतं, हे तुह्या बापाले समजलं होतं का रे?"

मी हो म्हणालो. "शेवटच्या दुखण्यात बाबा म्हणाले होते, 'त्याच्या हातून असं होणार नाई,'" असं सांगितलं. त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि रडले.

हे कागदावरच राहणार आहे म्हणून लिहितो. तुम्ही तसं काही म्हणाला नव्हतात. शेवटपर्यंत त्यांचं नावसुद्धा घरात काढू दिलं नाहीत. ते वाक्य मीच तुमच्या तोंडी घातलं.