मांडावरच्या चपला

बुधवार, संध्याकाळ

शिमगा जिथे सुरू होतो त्या आमच्या मांडावर, गावाच्या पवित्र पटांगणावर, पालिकेने आज पार्किंगचे पट्टे मारले. ठरावाला नगरसेवक म्हणून आमच्या ह्यांनीही हात वर केला होता. का केला? पहिली गाडी लागताच लोकांनी तिच्या काचा फोडल्या. हे अडवायला धावले, पण कडेला चपला काढून! मांडावर चपला घालून जायचे नाही, ही जन्माची सवय. अनवाणी, त्या काचांवर! सख्ख्या पुतण्याने डोक्यात दांडा घातला. “काका, तुवें मांड विकलो!” मग सगळ्यांनी लाथांनी तुडवले. तळव्यातल्या काचा मी काढल्या. चपला तिथेच राहिल्या. मांडासमोरच्या आमच्या दारातून सगळे बघितले मी. मांड बाटवला म्हणून ह्यांना तुडवणाऱ्या एकाही मेल्याने पायातले काढले नव्हते.