सामाईक भिंतीतून होणारी उष्णतेची चोरी

स्वस्ति श्री. अखिल उष्णताशास्त्राचे निष्ठावान उपासक, वहन, अभिसरण आणि प्रारण या त्रिविध मार्गांचे अधिकृत भाष्यकार, सर्वतोमुखी ऊष्मावर्धक यंत्राचे आद्य जनक, शालेय प्रयोगशाळेच्या दोन्ही कपाटांचे किल्लीधारक, इयत्ता आठवी ‘ब’चे वर्गशिक्षक आणि सामाईक भिंतीच्या अलीकडील अर्ध्या जाडीचे निर्विवाद स्वामी, अर्थात मी, यांच्या शीतकालीन रोजनिशीस आज प्रारंभ होत आहे. वाचक अपेक्षित नाही. पात्र वाचक उपलब्धही नाही.

१ डिसेंबर, सायंकाळ

बाहेर हाडे गोठवणारी थंडी. माझ्या खोलीत मात्र नुसता सदरा पुरतो. श्रेय यंत्राचे. रचना सुबोध आहे: एक जुना हीटर, त्याच्यामागे वाकवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा आणि पुढे काळा रंग दिलेला बिस्किटांचा डबा. यंत्राचे तोंड सामाईक भिंतीकडे. उष्णता भिंतीत साठावी आणि सावकाश खोलीत परतावी, अशी योजना. भिंतीला हात लावून पाहिला. उत्तम तापली आहे.

भिंतीपलीकडे ज्येष्ठ बंधू राहतात. व्यवसाय: पाव भाजणे. वडील गेल्यावर घराचे दोन भाग झाले, मधे ही भिंत उभी राहिली आणि वडिलांचा पितळी तापमापक तिकडे गेला. भट्टीला लागतो म्हणे. तापमापक हे शास्त्रीय उपकरण असून ते शास्त्र शिकलेल्याकडेच असावे, असे मी तेव्हा सर्वांसमक्ष बजावले. त्यावर ते म्हणाले, “मग भट्टीपण तूच पेटव.” त्या दिवसापासून मी त्यांचा उंबरा ओलांडलेला नाही. बोलावणी येतात. मी व्यग्र असतो.

४ डिसेंबर

आज शाळेतून परतताना एक भयंकर विचार सुचला. उष्णता अधिक तापमानाच्या वस्तूकडून कमी तापमानाच्या वस्तूकडे जाते. नियमाला अपवाद नाही. माझी खोली उबदार, भिंत उबदार. मग माझी उष्णता भिंतीतून पलीकडे जात असलीच पाहिजे. म्हणजे इतकी वर्षे ज्येष्ठ बंधूंचे अख्खे घर माझ्या हीटरवर फुकट शेकत आहे!

कोणी भट्टीचा मुद्दा काढील. भट्टी त्यांच्या मागच्या अंगणात आहे, वडिलांनी बांधली तिथे. भिंतीपासून पुष्कळ दूर. धुराडे हल्ली छपराच्या या टोकाला दिसते, हे खरे; पण धुराडी इकडून तिकडे हलवणे ही बंधूंची हौस असावी. शिवाय त्यांचे पाव पहाटे भाजून होतात. भिंत सर्वाधिक तापते ती संध्याकाळी, म्हणजे मी येऊन यंत्र सुरू केल्यावर. याहून स्वच्छ पुरावा कोणता?

७ डिसेंबर

आमच्या शाळेच्या रसायनवाल्या बाई यंत्र पाहण्यास आल्या. यंत्रासमोर खुर्ची मांडून ठेवली होती. ती त्यांनी सरळ भिंतीकडे ओढली, पाठ टेकली आणि म्हणाल्या, “अय्या, काय मस्त शेकतंय हो इथे! पलीकडे काय आहे?” पलीकडे अज्ञान आहे, असे मी सांगितले. जाताना यंत्राकडे बोट दाखवून, “हा टोस्टर दुरुस्तीला काढलाय का?” असे विचारून गेल्या.

शेजारचा बोकाही यंत्राकडे ढुंकून पाहत नाही. भिंतीला चिकटून झोपतो. रसायनशास्त्र आणि मार्जारकुळ, उभयतांस दिशेचे ज्ञान नाही.

९ डिसेंबर

हीटरची कॉइल तुटली. खोली तरीही उबदार. यालाच संचित उष्णता म्हणतात. यंत्र आता बंद असतानाही कार्य करते. इतकी मजल मीही अपेक्षिली नव्हती.

१२ डिसेंबर, सकाळ

वहिनी मागच्या दाराशी आल्या. हातात नेहमीप्रमाणे फडक्यात गुंडाळलेला गरम पाव. तो मी नेहमीप्रमाणे स्वीकारला. पावाशी माझे भांडण नाही.

म्हणाल्या, “भावजी, ह्यांनी अंथरूण धरलंय. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय. आता किती दिवस ते सांगता येत नाही. एकदा येऊन जा ना.”

मी त्यांस उष्णतेच्या चोरीचे सविस्तर विवेचन केले. प्रथम बंधूंनी ती मान्य करावी, तत्क्षणी मी भेटीस येतो. वहिनी “सांगते” म्हणाल्या आणि फडके घडी करत निघून गेल्या.

१३ डिसेंबर

उत्तर आले. वहिनींनी दारातूनच सांगितले: “ते म्हणाले, त्याला म्हणावं, तुझंच बरोबर आहे. भिंत गरम राहते ना? मग झालं तर. आणि खोकला कसा आहे विचार.”

संपूर्ण कबुली! आयुष्यात प्रथमच. खोकला नाही, असे कळवले. लहानपणी थंडीत माझ्या छातीत शिट्टी वाजत असे आणि बंधू मला वडिलांच्या भट्टीपुढे पाठमोरा बसवून ठेवत; पण त्याचा येथे संबंध नाही.

संकल्प: रविवारी भेटीस जाणे. विजेत्याने उदार असावे.

१७ डिसेंबर, रविवार

गेलो नाही. कारण सबळ आहे. कबुली देऊनही चोरी चालूच! काल संध्याकाळी भिंत नेहमीपेक्षा जास्तच तापली होती. गुन्हा मान्य करून पुन्हा तोच करणे, याला उद्दामपणा म्हणतात. आता शब्द नकोत, उष्णतारोधन हवे. थर्माकोलचे मोठे तक्ते आणले. दुकानदार म्हणाला, “सर, मुलांना मॉडेल करून दाखवायचंय का?” मी म्हणालो, आदर्श घालून द्यायचा आहे.

१८ डिसेंबर

भिंत छतापासून जमिनीपर्यंत झाकली. फटीही बुजवल्या. पांढरे दाणे स्वेटरला, मिशीला आणि बोक्याला चिकटले. बोका अपमानित होऊन निघून गेला.

आता माझी उष्णता माझीच.

२० डिसेंबर

थंडी. नवी कॉइल आणली, यंत्र पूर्ण शक्तीने चालवले. बिस्किटांचा डबा तेवढा तापला. थर्माकोल ही मूलतः थंड वस्तू असावी. आठवीला मी याच्या नेमके उलट शिकवतो. परंतु पाठ्यपुस्तक जुने आहे.

२२ डिसेंबर

दोन स्वेटर, कानटोपी, तरी खोकला. मीमांसा: बंधूंनी माझी उष्णता इतकी वर्षे ओढून घेतल्यामुळे खोलीचा साठाच रिता झाला असणार. रोधन करण्यास मला विलंब झाला. चूक एवढीच.

२४ डिसेंबर

वहिनी पुन्हा आल्या. डोळे लाल. “भावजी, फार खोकता तुम्ही. ह्यांना पलीकडे ऐकू येतं. सारखं म्हणतात, भट्टी कमी पडतेय, भट्टी कमी पडतेय. आज याल का?”

माझा खोकला आणि त्यांची भट्टी यांचा संबंध मला कळला नाही. आजारी माणसास भ्रम होतात. उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत, उद्या येतो, असे सांगितले.

२५ डिसेंबर

उत्तरपत्रिका. प्रश्न: उष्णतेचे वहन कोणत्या दिशेने होते? एका मुलीने लिहिले आहे, “ज्याला थंडी वाजते त्याच्याकडे.” तापमान हा शब्ददेखील नाही! शून्य गुण दिले.

उत्तरपत्रिका संपल्या नाहीत. सबब भेट उद्यावर.

२६ डिसेंबर

निघालो होतो. कोट घातला, मफलर बांधला, दाराला हात घातला आणि खोकल्याची उबळ आली. आजाऱ्यासमोर खोकणे अप्रशस्त. शुक्रवारपर्यंत खोकला जाईल. शुक्रवारी निश्चित. काय बोलायचे तेही ठरवले आहे. तापमापकाचा विषय मी होऊन काढणार नाही.

२८ डिसेंबर, गुरुवार

दादा गेला. पहाटे.

३० डिसेंबर

उंबरा ओलांडला.

भट्टी मागच्या अंगणात नाही. बैठकीच्या खोलीत आहे, सामाईक भिंतीला पाठ लावून. तिच्यासमोर दोन माणसे बसतील एवढीच जागा उरली आहे. दादाची खाट आतल्या खोलीच्या दाराशी, भट्टी दिसेल अशी. भट्टी विझलेली; पण खोली अजून उबदार होती.

वहिनी रडल्या नाहीत. पदराने खुर्ची पुसून मला बसवले आणि भट्टीकडे बघत बोलत राहिल्या.

“तुम्ही वेगळे झालात ना भावजी, त्या पहिल्या थंडीतच ह्यांनी मागची भट्टी पाडली. इथे बांधायला घेतली. मी म्हटलं, अहो, बसायच्या खोलीत कुणी भट्टी घालतं का? आल्यागेल्याला बसवायचं कुठे? तर म्हणाले, त्याच्या छातीत शिट्टी वाजते. पाव काय, मी कुठेही भाजीन.”

मग म्हणाल्या, “संध्याकाळी भट्टीत पाव नसायचेच हो. संध्याकाळची लाकडं नुसती भिंतीसाठी. तुम्ही शाळेतून यायच्या आत भिंत तापली पाहिजे, असा कायदा होता घरात. तुम्ही ती चोरी का काय म्हणालात, तेव्हा मला तर असं वाटलं, सांगून टाकावं एकदाचं! पण शपथ घातलेली. म्हणे, कळलं तर तो खोली सोडून जाईल. फार मानी आहे.”

मी भट्टीच्या विटा बघत होतो.

“शेवटचे चार दिवस तुमचा खोकला ऐकला की म्हणायचे, अजून टाक, अजून टाक. भट्टी लाल झाली होती, मी कारागिराला म्हटलं, आता भिंत फुटेल. तरी तुम्ही खोकतच. बुधवारी तर स्वतः उठून लाकूड सरकवलं. कसं काय गार राहत होतं हो तिकडे?”

मी स्वेटरवरचा थर्माकोलचा दाणा टिपून खिशात घातला.

३१ डिसेंबर

थर्माकोल काढला. ओरबाडून काढला. आतली भिंत कोमट होती.

शास्त्रीय स्पष्टीकरण सोपे आहे. जाड विटा घेतलेली उष्णता सावकाश सोडतात. भट्टी विझल्यावरही काही दिवस वहन चालू राहते. हे बुधवारचे लाकूड असणार.

पाठ टेकून बसलो. खोकला थांबला.

१ जानेवारी

नववर्षाचा संकल्प, एकच: भिंत थंड होऊ द्यावयाची नाही. काल होती त्याहून आज कमी कोमट आहे. माझी रजई खिळ्यांनी भिंतीवर ठोकली. वर शाल. यंत्र भिंतीला लावले. रजई उष्णता निर्माण करीत नाही, केवळ असलेली अडवून धरते, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. मुले वहीत उतरवून घेतात. मी चादरीवर भागवीन.

३ जानेवारी

रजईखाली हात घातला. थोडी ऊब लागली. पुष्कळ वेळ हात तसाच ठेवला. नंतर लक्षात आले, ती माझ्याच हाताची होती.

५ जानेवारी

योजना बदलली. मूळ स्रोतच पुन्हा सुरू करणे. वहिनींस म्हणालो, भट्टी मी पेटवतो. ज्वलनाचे घटक मला मुखोद्गत आहेत: इंधन, प्राणवायू, ज्वलनांक. कारागीर म्हणाला, “सर, आधी बारीक काटक्या.” मी त्याला प्राणवायूचे महत्त्व समजावून मोठे ओंडके रचले. धूर झाला. नुसता धूर. वहिनींनी खिडक्या उघडल्या, मला अंगणात आणून बसवले आणि पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, “राहू द्या भावजी. त्यांनाही पहिल्या वर्षी जमत नव्हती.”

खिडक्या उघडल्यामुळे उरलीसुरली ऊबही गेली.

कारागिराला दुसरीकडे काम मिळाले आहे. सोमवारपासून तो येणार नाही.

७ जानेवारी

वहिनींनी पितळी तापमापक आणून दिला. फडक्यात गुंडाळलेला, पाव आणत तसा. म्हणाल्या, “तुमच्यासाठी कधीचा पुसून ठेवला होता त्यांनी. तुम्ही आलात की हातात द्यायचा, म्हणून पाठवूही देत नव्हते.”

रजई काढून भिंतीचे तापमान घेतले. मग पलीकडे जाऊन भट्टीच्या विटांचे घेतले. पुन्हा अलीकडे, पुन्हा पलीकडे. काटा जागचा हलला नाही. दोन्ही बाजू समान.

समान तापमानाच्या वस्तूंमध्ये उष्णतेचे वहन होत नाही. कोणी देत नाही, कोणी घेत नाही. चोरी पूर्णतः थांबली असून माझी तक्रार निकाली निघाली आहे.

त्या मुलीची उत्तरपत्रिका शोधून तिला पूर्ण गुण दिले.

९ जानेवारी, सकाळ

कचरेवाल्याने थर्माकोल नेण्यास आजही नकार दिला. म्हणतो, “हे आपल्या गाडीत चालत नाही, सर. दुसऱ्या गाडीवाल्याला विचारा.” दुसरा गाडीवाला म्हणतो, पहिल्याला विचारा. तक्ते तूर्त मागच्या दाराआड रचले आहेत. त्यामुळे दार अर्धेच उघडते. वहिनींना आत येताना अंग चोरावे लागते आणि प्रत्येक वेळी बशीत चहा सांडतो. दाणे तर उडतच आहेत. ही तक्रार नेमकी कोणाकडे करावयाची, ते कोणीच धड सांगत नाही.