प्राचार्य मऊ पडतायत

१७ जानेवारी

गाठ कॅन्सरचीच निघाली. डावा स्तन. रिपोर्ट वाचताना डॉक्टरांनी मला सोडून सगळीकडे पाहिलं — पंख्याकडे, कॅलेंडरकडे, नवऱ्याच्या बुटांकडे. आधी केमो देणार, गाठ आटली की ऑपरेशन. प्रदीप रेल्वेत पॉइंट्समन आहे, अख्ख्या मालगाड्या या रुळावरून त्या रुळावर घेतो. आज त्याला रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगता येईना.

मी रडले नाही. उद्या आयटीआयत पोरींना बाही जोडायला शिकवायचंय, तो धडा डोक्यात होता.

१९ जानेवारी

गाठीचं नाव ठेवलं — प्राचार्य. आमच्या प्राचार्यांसारखीच आहे. कडक, जागची हलत नाही, आणि तिला कुणी बोलावलं नव्हतं.

२३ जानेवारी

केमोच्या आधी सोनोग्राफी. सासूबाई सांगून ऐकेनात, आल्याच बरोबर. पारूबाई एकदा चप्पल घालून उंबऱ्यात उभी राहिली की तिला घरात ठेवणं कुणाच्या बापाला जमत नाही.

सोनोग्राफी करणाऱ्या अंकिता मॅडम माझ्याहून लहान असतील. म्हणाल्या, नुसती लांबीरुंदी नाही, गाठ किती कडक आहे तेही मोजणार. त्यावर त्यांचा अभ्यास चाललाय, तुम्हाला चालेल का? म्हटलं, मोजा. आत्तापर्यंत एवढ्या लोकांनी दाबून पाहिलीय, एक मशीन काय जड आहे!

मशीन आत हलकासा धक्का देतं, त्याचे तरंग उठतात. कडक जागी ते पळतात, मऊ जागी रेंगाळतात. पडद्यावर कडक ते लाल, मऊ ते निळं. माझ्या छातीत लालभडक. आकडा एकशे अडतीस. शेजारच्या चांगल्या भागाचा वीसच्या आसपास.

सासूबाई पडद्याला नाक लावून उभ्या. “म्हंजे निळं झालं की बरं? मग निळंच करा की. आपलाच रंग हाय.”

मॅडमना हसू आवरेना. येताना रिक्षात सासूबाई मला विचारत राहिल्या, गाठ दुखत होती का, आधी कळली कशी. नाही दुखत, म्हटलं. पुन्हा तेच. शेवटी मी बाहेर बघत बसले.

११ फेब्रुवारी

केस गेले. डोकं चांगलं गोल आहे. उगाच इतकी वर्षं झाकून ठेवलं.

६ मार्च

दोन डोस झाले. तोंड आतून सोललंय, शेंगाचटणीच्या नुसत्या वासानं डोळ्यांत पाणी येतं. आणि एवढं सोसून गाठ केवढी? छत्तीस मिलिमीटरची पस्तीस. एक मिलिमीटर! एवढं तर मी शिवणीत सोडून देते.

टेबलावर पडल्या पडल्या ठरवलं, बास. प्रदीपच्या साहेबांनी जेऊरचा कुणी झाडपालावाला सांगितलाय. प्रदीपही बाहेर त्याच विचारात बसलेला.

मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला. लालच्या मधोमध हिरवट-निळे डाग. आकडा एक्याऐंशी. म्हणाल्या, औषध लागू पडतंय असं दिसतंय. आतलं मरायला लागलं की गाठ आधी सैल पडते, आकार मागून उतरतो. पण माझ्या एकटीच्या आकड्यावर काही ठरवू नका, मोठ्या डॉक्टरांना विचारा.

म्हणजे प्राचार्य खुर्चीत तसेच आहेत, पण आतून ढिले.

७ मार्च

घरात बैठक. प्रदीप म्हणाला, तुझे हाल मला बघवत नाहीत, जेऊरला जाऊन तर येऊ. खरं म्हणजे मलाही जावंसं वाटत होतं. उलट्या त्याला नाही, मला होतात.

सासूबाई लसूण सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “तुला काय बघवत न्हाय ते राहू दे. गाठ तिची हाय, तिला इचार.”

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. आता आली पंचाईत! मी म्हटलं, उद्या डॉक्टरांना विचारते, मग सांगते.

८ मार्च

डॉक्टर म्हणाले, आकडा चांगली खूण आहे, पण तो नसता तरी मी डोस पुरे केलेच असते. जेऊर रद्द. बाहेर येऊन लिंबू सरबत प्याले आणि तिथेच ओकले. महिला दिन साजरा.

१४ एप्रिल

जयंती. गच्चीवरूनच मिरवणूक पाहिली, खुर्ची टाकून. निळी साडी, निळा स्कार्फ. खालून पोरींनी हात केले. एकीनं ओरडून विचारलं, “मॅडम, स्कार्फ कुठून घेतला?” बरं वाटलं.

१५ मे

त्रेचाळीस अंश. सहावा, शेवटचा डोस झाला. आज मोजलं — आकडा अठ्ठावीस. लांबी चौदा. पडद्यावर निळंच निळं, कडेला एक लाल ठिपका. मॅडमनी जुनी आणि नवी चित्रं शेजारी लावून दाखवली. मला नीट दिसेना, चष्म्याला काहीतरी झालं होतं. चष्मा पुसला तरी दिसेना.

१२ जून

उद्या ऑपरेशन. डाव्या बाजूला काखेपर्यंत पेनानं खुणा केल्यात. बेतायचा कपडा झालाय माझा. भीती वाटतेय. लिहून टाकलं.

२६ जून

रिपोर्ट आला. काढलेल्या भागात कॅन्सरची जिवंत पेशी सापडली नाही. डॉक्टरांनी आज पहिल्यांदा माझ्याकडे बघून वाचलं. पुढे रेडिएशनचा शेक आहे, तपासण्या आहेत, सुटका नाही अजून. तरी प्रदीपनं दवाखान्याच्या पायरीवर बसून हुंदके देऊन रडून घेतलं. लोकांना वाटलं, मी गेले. मी शेजारीच उभी होते, पिशवी घेऊन.

सासूबाईंनी दोनदा विचारलं, “म्हंजे तुजं झालं न्हवं सगळं?” झालं, म्हटलं.

२९ जून

सकाळी सासूबाईंनी न्हाणीतून हाक मारली. दार लावून घेतलं. माझा हात धरून पदराखाली, उजव्या बाजूला ठेवला. लिंबाएवढी. दगड.

कधीपासून, म्हटलं.

“तुज्या आदीपासनं. एका घरात दोन दोन कशाला? आदी तुजं होऊ दे म्हनलं.”

रिक्षा खाली उभी आहे. त्या साडी बदलतायत.