अकरा मिनिटांचं इंजिन

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्राला सव्वा महिना उशीर झाला, त्याबद्दल माफ कर. उशीर मुद्दाम केला. आधी लिहायला बसलो असतो तर पेनाने कागद फाटला असता, इतका राग होता. अजून आहे, पण आता निदान अक्षर लागेल.

आपलं यान लाल ग्रहाला चुकवून पुढे निघून गेलं. आत तिघं आहेत. आता सूर्याभोवती फिरत बसलेत.

नातीने हा रॉकेटचा खेळ कॉम्प्युटरवर लावून दिला, त्यामुळे आपण नऊ वर्षांनी एकमेकांना लिहायला लागलो. एक पाळी तुझी, एक माझी, पेनड्राइव्ह पाकिटात घालून पाठवायचा. सगळं बरं चाललं होतं. पण या खेपेला इंजिन तू निवडलंस. मी मोठं सांगत होतो. तू ते चिमुकलं बसवलंस, अंगणातल्या पंपाला शोभेल असं. ग्रहाजवळ वेग कमी करायला ते चालू केलं, तर आकडा ढिम्म. तू लिहिल्याप्रमाणेच चालवलं, तरी यान सरळ पुढे. चाळीस वर्षं मी ट्रकची इंजिनं खोलली. ओढ नसलेलं इंजिन मला आवाजावरून कळतं. इथे तर धड आवाजही नव्हता.

नातीचं म्हणणं, खेळच आहे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. मला ते जमत नाही. ती तिघं काचेमागून डोळे वटारून बघत असतात. मला जेवण जात नाही. हा शहाणपणा कशाला केलास ते लिही. पुढच्या यानाला मी मोठंच इंजिन लावणार आणि तू मध्ये तोंड घालायचं नाहीस.

तब्येतीला जप. खोकल्याचं औषध अर्धवट सोडू नकोस.

दादा


ता. ११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पेनड्राइव्ह मिळाला. शिव्याही पोचल्या.

यान उघडून बघितलं. टाकीत एकोणीस मिनिटांचं इंधन होतं: थांबायला अकरा, परतीला आठ. तू माझ्या सांगण्याप्रमाणे अकरा मिनिटं सलग चालवलं असतंस तर आठचं उरायला हवं होतं. अकराचं उरलंय. याचा अर्थ आठच मिनिटं चालवलंस, तीही तुकड्यातुकड्याने. दादा, तू ते मध्ये मध्ये बंद केलंस. आणि वर मला इंजिन कळत नाही म्हणून लिहितोस.

शेवटचं सांगतो. प्रत्येक इंजिनाखाली दोन आकडे असतात. एक, जोर किती. दुसरा, तेवढ्याच इंधनात एकूण काम किती. जमिनीवरून उठताना पहिला बघायचा, कारण खाली ओढणारी जमीन असते. वर गेल्यावर दुसरा. तिथे ना चढ, ना खड्डे. तुझं ते धूड तिथवर न्यायचं तर त्याचंच वजन ओढण्यात निम्मी टाकी गेली असती. छोटं हळू ढकलतं, पण ढकलत राहतं. फक्त त्याला ढकलू द्यावं लागतं.

ते तुला जमायचं नाही. गॅरेजात गिऱ्हाइकासमोर माझ्या हातातला पाना हिसकावून घ्यायचास. मी आवळलेला एकही नट पुन्हा सैल करून बघितल्याशिवाय तू गाडी बाहेर सोडली नाहीस. मी कारकुनी धरली ती हौस म्हणून नव्हे. आता आकाशातही तेच!

खेळातल्या सोळा महिन्यांनी यान परत ग्रहाजवळून जाईल. एकदाच. उरलेली अकरा मिनिटं सलग चालवलीस तर थांबेल. परतीचं इंधन मात्र गेलं ते गेलं. पाळी तुझी धर आणि चालव नाहीतर बुडव. मी या खेळातून उठलो. मागच्या बाजूला आकडे लिहिले आहेत.

लोभ आहे तेवढा असू दे, वाढवायची तसदी नको.

धाकटा


ता. २९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पुन्हा उशीर झाला, पण या वेळी कामात होतो. तुझं ते लोभाचं वाक्य वाचून पत्राचा बोळा केला. मग आकडे आठवले आणि तळहाताने सरळ करत बसलो.

हो, मी बंद केलं. मिनिटभर चालवायचं, पाच मिनिटं थंड होऊ द्यायचं. ओढ न दाखवता चाललेलं इंजिन तापतं आणि जॅम होतं, हे माझ्या हाडात बसलंय. तू लिहिलेलं वाचलं होतं. विश्वास बसला नाही. इंजिनावर की तुझ्यावर, ते विचारू नकोस.

नातीकडून यानाची नक्कल काढून घेतली आणि आधी त्या नकलेवर सराव केला. चार वेळा बोट बंद करायच्या बटणावर गेलंच. पाचव्यांदा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. नात हसली, मी तिच्यावर ओरडलो, ती उठून गेली. मग तिची समजूत काढण्यात दुपार गेली. दुसऱ्या दिवशी खरं यान चालवलं. नवव्या मिनिटापर्यंत तुला मनातल्या मनात जे बोललो ते लिहिण्याजोगं नाही. मग पडद्यावरची रेघ वाकायला लागली, वाकत गेली, आणि ग्रहाभोवती गोल पुरा झाला.

इंजिन बरोबर निवडलंस. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, तेव्हा परत मागू नकोस. पाना हिसकावायचो तेही खरं. पण तू एक अक्षर न बोलता, अर्धी खोललेली गाडी तशीच टाकून निघून गेलास, त्याचा राग माझा मी ठेवणार आहे.

आता टाकी कोरडी आहे. तिघं ग्रहाभोवती फिरतायत. नात म्हणते, या खेळात कुणाला भूक लागत नाही, कितीही वर्षं फिरतील. तिला काय जातंय सांगायला! इंधन घेऊन दुसरं यान न्यायला हवं आणि ते या यानाला केसाएवढं सरकवत जोडायला हवं. माझा हात कापतो. सरावात दोनदा धडकून दोन्ही यानं फोडली. ते काम तुझं. इंजिन तुला पाहिजे ते लाव, मी विचारणारसुद्धा नाही.

पेनड्राइव्ह सोबत आहे, आणि पाळी नियमाने तुझी आहे. जाणार नसशील तर तसं लिही, मी शिव्या देऊन मोकळा होईन. पण गप्प बसू नकोस. पाकीट मिळेल त्याच दिवशी दोन ओळी टाक.

दादा