खळ्यावरचं टेनिस

३ नोव्हेंबर

हरणार हे ठाऊक असतानाही माणूस खेळायला का जातो? तरी मी चाललेय.

परभणीच्या जिल्हा टेनिस स्पर्धेत नाव दिलंय. पदवी मिळाली तसं कॉलेजचं कोर्ट सुटलं. आता पेडगावातलं आमचं खळंच माझं कोर्ट. मायच्या जुन्या लुगड्याचं नेट. समोर हरिओम — धाकटा भाऊ आणि एकुलता एक प्रतिस्पर्धी!

अण्णांना मात्र खळं नांगरायचंय. "मळणीयंत्र वावरात यायलंय. खळं रिकामं कशाला ठिवायचं? हरभरा पेरतो." मी रडकुंडीला आले. तेव्हा म्हणाले, "पयला नंबर आण, खळं तुझं. न्हाई तर नांगर."

९ नोव्हेंबर

सकाळी कापूस वेचला, संध्याकाळी सराव. खळ्यावर चेंडू गुडघ्याच्या वर उठतच नाही. दोन्हीकडे वाकायचंच!

१५ नोव्हेंबर

फायनलला पोचले! मी!! उद्या समोर ऋतुजा — गेल्या वर्षीची विजेती. उंच. सर्व्हिस अशी की चेंडू दिसतच नाही. माय म्हणाली, "तिला दोन हात, तुलाबी दोनच."

१६ नोव्हेंबर

प्रमुख पाहुण्यांना मानवतला लग्न गाठायचं होतं. म्हणून बक्षीस समारंभ सामन्याआधीच उरकला! ऋतुजाला फेटा, शाल, कप. मला "उपविजेती" म्हणून नारळ. अजून एक चेंडू मारला नव्हता! ऋतुजालाच लाजल्यासारखं झालं. हरिओम कुंपणापलीकडून ओरडला, "ताये, नारळ जपून ठिव, जिंकल्यावर फोडू!"

पहिला सेट गेला. इथलं कोर्टही मातीचंच, म्हणून दुसऱ्यात मी खळ्यावरचा फटका काढला — तिरपा, कापलेला. चेंडू मातीला घासत सरपटायचा. तिला वाकवेना. तिसऱ्या सेटमध्ये ती कंबरेवर हात ठेवून उभी राहायला लागली. शेवटचा चेंडू तिनं नेटमध्ये मारला, तरी मी आपली वाकूनच उभी!

जिंकले.

ऋतुजानं फेटा उतरवून माझ्या डोक्यावर ठेवला. पार कानांवर आला. अण्णा भेटेल त्याला सांगत होते, "कापूस येचणाऱ्याला वाकायला शिकवावं लागत न्हाई." नारळ तिथंच फोडला. खोबरं आधी ऋतुजाला दिलं.

१७ नोव्हेंबर

अण्णांनी शब्द पाळला. खळ्याभोवती स्वतः काट्यांची कुपाटी घातली. "आता शेळीबी आत येणार न्हाई." हात ओरबाडलेत, पण स्वारी खूश!

१८ नोव्हेंबर

ऋतुजाचा फोन. आता मला खेळायची ती पुण्याची राज्य स्पर्धा सिमेंटच्या कोर्टवर आहे. "तिथं चेंडू खांद्यापर्यंत येतो. खळ्यावरच खेळत राहिलीस तर पहिल्याच दिवशी घरी. परभणीला ये, इथं सिमेंटचंही एक कोर्ट आहे, माझ्यासोबत सराव कर." मला कशाला शिकवतेस, विचारलं. म्हणाली, "फेटा परत पायजे मला! पण चांगलं खेळणारीकडून."

खरं तेच बोलली. पण अण्णांची कुपाटी डोळ्यांसमोरून हलत नाही.

२० नोव्हेंबर

सकाळी कुपाटी काढली. हरिओमला ट्रॅक्टर आणायला लावला, स्टिअरिंग मी धरलं. खळं राहिलं तर माझा पाय निघायचा नाही, म्हणून नांगरून टाकलं. अण्णा बांधावरून बघत होते. मग घरात गेले आणि हरभऱ्याचं बी घेऊन आले.

हे परभणीच्या बसमध्ये लिहितेय. रॅकेट मांडीवर आहे.