हा-हा ओलांडू देणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ऑसमदरबी हवेली व उद्यान,
यॉर्कशायर.

विषय : सीमाफेरीच्या रविवारी मेंढ्यांचा पूल जागेवर ठेवणेबाबत, ते न जमल्यास अर्जदारास मेंढी समजणेबाबत.

संदर्भ : आपले गेल्या महिन्याचे पत्र, ज्यात "आपण ही अडचण हसण्यावारी नेलीत याचे कौतुक वाटते" असे म्हटले आहे.

महोदय,

मी खाली सही करणारी हेस्टर ओल्डरॉइड, राहणार ऑसमदरबी गाव, चर्चच्या मागे, सविनय कळविते की मी काहीही हसण्यावारी नेलेले नाही. माझ्या आधीच्या अर्जात "हा-हा मुळे मला पुढे जाता येत नाही" असे वाक्य होते. ते हसणे नव्हे. हवेलीपुढची हिरवळ आणि पलीकडचे कुरण यांच्यामध्ये जो खोल चर आहे, त्याला हा-हा म्हणतात. आपण लंडनहून नुकतेच आला आहात, म्हणून खुलासा केला. खिडकीतून कुंपण दिसू नये आणि तरीही मेंढ्या आपल्या आपण हिरवळीवर येऊ नयेत, म्हणून जुन्या मालकांनी तो खणवला. आपल्या खिडकीतून तो आजही दिसत नसणार. माझ्या चाकांच्या खुर्चीतून मला दुसरे काही दिसत नाही.

२. मे महिन्यातल्या त्या रविवारी आमचे गाव चर्चमधून निघून गावाची शीव पायी फिरते आणि शिवेच्या प्रत्येक दगडाला विलोच्या झाडाच्या ओल्या फोकांनी बडवते. नकाशे नव्हते तेव्हापासून हे चालू आहे. शेवटचा दगड आपल्या कुरणात, हा-हाच्या पलीकडे आहे. लहानपणी मला उलटी धरून त्याच दगडावर माझे डोके हलकेच आपटले होते, म्हणजे शीव कुठे आहे ते जन्मभर लक्षात राहावे. राहिले आहे. तेव्हापासून मी एकही फेरी चुकवली नव्हती. गेल्या वर्षी मात्र सगळे चराच्या पायऱ्या उतरून पलीकडे गेले आणि मी हिरवळीवर फोक धरून बसून राहिले. पलीकडून बडवण्याचा आवाज ऐकू येत होता. मला इतका राग आला की मी जवळच्या गुलाबाला चार फटके दिले. त्याबद्दल दिलगीर आहे.

३. आपण सुचविलेला "सुलभ मार्ग" मी पाहिला. तो मोटारी उभ्या करण्याच्या जागेपासून चहाच्या खोलीपर्यंत जातो आणि तिथे संपतो. शेवटी एक बाक ठेवला आहे. महोदय, बसायची सोय मी घरूनच घेऊन निघते.

आमच्या चर्चच्या धर्मगुरू प्रुडन्सबाई यांचेही मत आपल्यासारखेच. "हेस्टर, तू आपली चहाच्या तंबूत बस ना. केक कापायला कोणीतरी हवंच आहे. आल्यावर सगळं सांगते तुला." बाई मनाने चांगल्या आहेत. पण जो दगड मला डोळे मिटून सापडेल, त्याची हकीकत मी त्यांच्याकडून का ऐकावी?

४. आता मुख्य मुद्दा. दर मंगळवारी आपले लोक हा-हावर एक रुंद लाकडी पूल टाकतात. त्यावरून मेंढ्या सकाळी हिरवळ चरायला येतात आणि संध्याकाळी कुरणात परततात. माझी खुर्ची त्यावरून आरामात जाईल. म्हणून मी आपल्या कचेरीत फोन केला. फोनवरच्या गृहस्थांनी सांगितले, "तो पूल फक्त जनावरांसाठी आहे, मॅडम. माणूस पडला तर उत्तर कोण देणार?" मी विचारले, मेंढी पडली तर? ते म्हणाले, "मेंढी तक्रार करत नाही हो."

मीही करणार नाही. तसे लिहून देते. आणि अडचण मी माणूस असण्याचीच असेल, तर त्या एका दिवसापुरते मला कळपात धरावे. कानाला पिवळा बिल्ला लावण्यास व पाठीवर रंगाचा ठिपका मारून घेण्यास माझी हरकत नाही. फुलांना तोंड लावणार नाही. मेंढपाळ जोनास मेटकाफ यांना विचारले आहे. ते म्हणाले, "माझं काय जातंय, हेस्टरताई? फक्त पुलावर मध्येच थांबू नका, मागच्या बिथरतात." मी थांबणाऱ्यांपैकी नाही, हे या अर्जावरून आपल्या ध्यानात आले असेल.

५. "पुढील वर्षी विचार करू" असे आपण लिहिले आहे. माझ्या आजाराने आधी पाय नेले, आता तो हातांकडे वळला आहे. सकाळी शर्टाची बटणे लावताना मला ते कळते आणि भीती वाटते. हा-हा म्हणता वर्ष जाईल आणि पुढच्या मे महिन्यात पूल असेल, परवानगी असेल, पण मला फोक धरता येणार नाही. या वर्षी येतो.

तरी रविवारी पूल टाकून ठेवावा, ही विनंती. नाकारल्यास मी मंगळवारी संध्याकाळी मेंढ्यांबरोबर जाईन. एकटीने जाऊन दगड बडवणे म्हणजे वेडेपणा आहे, तो गावाबरोबर बडवायचा असतो, हे मलाही कळते. पण तेवढेच उरले तर तेवढेच करीन. त्या दिवशी कळप मोजताना एक जास्त भरल्यास कृपया पुन्हा मोजू नये.

आपली नम्र, परंतु वाट पाहून कंटाळलेली,
हेस्टर ओल्डरॉइड
२३ एप्रिल

सोबत : १. श्री. मेटकाफ यांचे संमतिपत्र.
२. पडल्यास तक्रार न करण्याची हमी.
३. माझ्या गेल्या वर्षीच्या अर्जाची प्रत. आजच्या या अर्जावरची सही वेडीवाकडी आल्याने ती माझी नाही अशी शंका आपणास येईल. ती मीच केली आहे. दोन्ही सह्या शेजारी ठेवून पाहाव्यात, म्हणजे मला घाई का आहे ते वेगळे सांगावे लागणार नाही.