पेपरमिंटचा वास

केर्नी, नेब्रास्का
३ नोव्हेंबर

ती. माविसताईस,
लोरेनचा सा. न. वि. वि.

फोन करत नाही, कारण तो कानाला लावला की विमा कंपनीचं ते ताटकळत ठेवायचं संगीतच ऐकू येतं. ॲलर्जीने बंद झालेल्या नाकावर डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं. कंपनी म्हणते, आधी स्वस्तातला फवारा नाकात मारा, गुण नाही आला तर बघू. अगं, वर्षभर मारला होता की! पण तो जुन्या कंपनीच्या काळात, म्हणून धरत नाहीत.

मला घाई आहे. एवढा संसार केला, आणि वॉल्ट गेल्यापासून त्याची एकच वस्तू जपून ठेवलीय. कोणती ते सांगत नाही, तू हसशील. शेजारची डोना म्हणते, त्या वस्तूला अजून त्याचा डिझेलचा आणि पेपरमिंटचा वास येतो. मला मेलीला काहीच येत नाही. नाक उघडेपर्यंत तो उडून गेला तर? पहाटे जिना वाजतो, वॉल्ट कामाला निघायचा त्याच वेळी. मी उठून बघते.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी लोरेन

ओमाहा
१ डिसेंबर

चि. लोरेनस अनेक आशीर्वाद.

हसले नाही. जिने जुने झाले की वाजतात, एवढंच लिहिते. डॉक्टरांना म्हणावं, कंपनीच्या डॉक्टरला स्वतः फोन लावा, नुसत्या कागदांनी तिथं कोणी हलत नाही. घरातली धूळ काढल्याचा पुरावाही कंपनीला हवा असेल ना? नाताळला येते. पडदे, पांघरुणं, कपाटातले कपडे, सगळं गरम पाण्यातून काढते. तू पाय शेकत बस आणि मध्ये लुडबुडू नकोस.

जिवाला जप, म्हणजे मला सगळं पोचलं.
माविस

केर्नी
१८ मार्च

ती. ताईस सा. न.

डॉक्टरांनी फोन केला आणि मंजुरी आली. दुसऱ्या इंजेक्शननंतर सकाळी कॉफीचा वास आला. रडले. मग कपाटातली पिशवी उघडली. मी जपून ठेवलेला तो वॉल्टचा कामावरचा कोट, स्वच्छ, इस्त्री केलेला, लॅव्हेंडरच्या साबणाच्या वासाचा. ताई, तू माझ्यासाठीच राबलीस, मी तुला सांगितलंच नव्हतं. तरी तुझा फार राग आला. आता नाही.

कारण आता पहाटे जिना वाजला की डिझेलचा आणि पेपरमिंटचा वास येतो. कोट धुतलेला आहे, ट्रक विकलाय, घरात दुसरं काही नाही. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनने असं होत नाही. मला भीती वाटते आणि मी पहाटेची वाटही बघते.

मंजुरी सप्टेंबरपर्यंतचीच आहे. पुढची नाकारली तर नाक पुन्हा बंद होईल, आणि तो जिन्यावर येऊनही मला कळणार नाही. कंपनीच्या लोकांशी तुझ्यासारखं बोलायला मला जमत नाही. सप्टेंबरआधी ये.

तुझ्या मायेवरच आहे.
लोरेन